आधी नळीच्या आत बघा

जुन्या इंग्लिश बंदुकांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणारे लेखक बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमधल्या, म्हणजे बंदूक-कारागिरांच्या वस्तीतल्या, एका छोट्या कारखान्यात ३२ वर्षं नळ्यांचं काम करत होते.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात मी लिलावात बर्मिंगहॅमची एक जुनी दुनळी घेतली. बारा बोअर, बाहेर घोडे, दमास्कसच्या म्हणजे लोखंड-पोलाद पिळून केलेल्या नळ्या, १८९० च्या आसपासची. कुणीतरी ती पूर्ण रिस्टोअर केलेली आहे. नळ्यांवरची तपकिरी नक्षी बघत राहावी अशी आहे आणि नळ्या आतून आरशासारख्या चमकतात. माझ्याकडे शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे अशा बंदुकीचा परवाना, आहे. इथल्या एका बंदूक-कारागिरानं मापं घेऊन कागद दिला. उजवी नळी .७३५, डावी .७४१. भिंतीची सगळ्यात कमी जाडी उजवीकडे २६ थाऊ, डावीकडे १९. खाली मुकुट आणि ‘बीएनपी’ असा ठसा, शेजारी .७२९, २½ इंच आणि ३ टन. मला यातलं फारसं काही कळलं नाही. बंदूक वापरू का? (श्रॉपशरहून एक वाचक)

उत्तर : कागद पाठवलात हे फार बरं केलंत. नुसत्या फोटोवरून मी तुम्हाला अभिनंदनच कळवलं असतं, इतकी ती देखणी दिसते. पण ही बंदूक सध्या वापरू नका. एकही काडतूस नको.

का ते सांगतो. फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचं पुढचं लाकूड, काढा. नळ्या सुट्या करून उलट्या धरा. मागच्या टोकाला दोन सपाट जागा दिसतील. त्यांना फ्लॅट म्हणतात आणि बंदुकीची सगळी कुंडली तिथे ठोकलेली असते. इंग्लंडमध्ये नळी विकण्याआधी तिची परीक्षा घ्यावी लागते. लंडनमध्ये हे काम गनमेकर्स कंपनीकडे आहे, तिची सनद १६३७ ची. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलं आणि बॅनबरी स्ट्रीटवर आजही चालू आहे. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार भरून उडवतात. नळी फुगली नाही, चिरली नाही, सांधे हलले नाहीत, तर ठसा मिळतो.

तुमच्या फोटोत नीट बघितलं तर दोन काळांचे ठसे आहेत. एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड आणि वर मुकुट, हा जुना ठसा, काळ्या दारूच्या परीक्षेचा. त्यानंतर कित्येक वर्षांनी कुणीतरी हीच बंदूक आजच्या धूररहित दारूसाठी पुन्हा प्रूफ हाउसला पाठवली. मुकुटाखालचा ‘बीएनपी’ त्याचा. तो १९५४ च्या नियमांपासूनचा ठसा आहे. म्हणजे त्या दिवशी दोन्ही नळ्या पास झाल्या होत्या आणि त्यांचं आतलं माप होतं .७२९ इंच. बारा बोअरचं हे मूळ माप. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा व्यास तेवढा भरतो. ३ टन म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब.

आज डावी नळी .७४१ आहे. नळी आपोआप मोठी होत नाही. आतून धातू काढलेला आहे.

तो का काढला असेल याचा अंदाज मला नीट आहे, कारण हे काम मी स्वतः शेकडो वेळा केलंय. काळ्या दारूची काजळी आणि काडतूस पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांमधले क्षार नळीत राहिले की गंज धरतो. गंज पुसला तरी खाली बारीक खड्डे उरतात, देवीच्या वणांसारखे. ते घालवायचे तर सळईवर शिशाचा दट्ट्या ओतून घ्यायचा, त्याला एमरीची पूड आणि तेल लावायचं आणि नळी आतून घासत राहायचं. खड्ड्याच्या तळापर्यंत पोचलं की आरसा दिसतो. तो आरसा म्हणजे नळीच्या भिंतीतून गेलेलं लोखंड. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. ठसा मारल्यानंतर तुमच्या डाव्या नळीतून व्यासावर १२ थाऊ गेले आहेत.

इथला नियम असा आहे की नळीच्या मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजायचं, आणि ठशातल्या मापापेक्षा १० थाऊंहून जास्त वाढ दिसली तर ती नळी प्रूफमधून बाद. उजवी सहा थाऊंनी वाढली आहे, ती अजून बसते. डावी बाद. आणि एक नळी बाद म्हणजे अख्खी बंदूक बाद. अशी बंदूक विकणं, विकायला मांडणं हा प्रूफच्या कायद्यांखाली गुन्हा आहे, तेव्हा लिलाववाल्यांना हा कागद दाखवा आणि पैसे परत मागा. संकोच करू नका. फ्लॅटवरचा आकडा वाचून नळीत गेज घालायला पाच मिनिटं लागतात, ती त्यांनी काढायला हवी होती.

जाडीचं वेगळं सांगतो. भिंत किती जाड हवी याचा आकडा कायद्यात नाही. धंद्यात २० थाऊ ही रेघ मानतात, मीही मानतो. पण कारागिराला एवढं विचारा की ते १९ नेमके कुठे सापडले. नळीच्या तोंडाकडे असतील तर मी इतका घाबरणार नाही, कारण तिथपर्यंत दाब बराच उतरलेला असतो. मागच्या टोकापासून नऊ-दहा इंचांत असतील तर मात्र ही नळी पुन्हा परीक्षेला पाठवा असंही मी म्हणणार नाही. तुमचा डावा हात तिथेच असतो.

नळ्या मागे तीनेक इंचांवर कापून आत नव्या पोलादी नळ्या बसवतात, त्याला स्लीव्हिंग म्हणतात. ते नीट केलं, पुन्हा प्रूफ घेतलं तर बंदूक पुढची पन्नास वर्षं चालते. साध्या पोलादी नळ्या असत्या तर मी तेच सुचवलं असतं. तुमच्या बंदुकीला करू नका. ती दमास्कसच्या नळ्यांसाठी आहे, आणि त्याच कापून टाकायच्या तर उरलं काय?

या नळ्या कशा होतात हे ज्यानं एकदा समजून घेतलं, त्याला करवत लावताना हात जड होतो. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या आलटून पालटून रचायच्या, तापवून एकजीव करायच्या, त्यांची चौकोनी सळई ओढायची आणि ती तापवून दोरीसारखी पीळ द्यायची. असे दोन किंवा तीन पीळ शेजारी शेजारी जोडून त्यांची पट्टी ठोकायची. मग ती पट्टी लोखंडी गजाभोवती, वेताच्या मुठीवर दोरा गुंडाळावा तशी, गुंडाळत न्यायची आणि कड कडेला ठोकून सांधायची. एवढं झालं की नुसती ओबडधोबड नळी हातात येते. तिला आतून भोक, बाहेरून कानस. नक्षी तरी अजून दिसतच नाही. ती दिसते गंजवल्यावर. नळीला द्रावण लावून दमट जागी ठेवतात, गंज चढला की तारेच्या ब्रशनं उतरवतात, पुन्हा लावतात. आठ-दहा वेळा. लोखंड आणि पोलाद सारखं गंजत नाहीत, म्हणून पिळाची प्रत्येक वळी वेगळ्या रंगाची उठते. ती नक्षी रंगवलेली नसते, नळीच्या अंगातलीच असते.

तुमच्या बंदुकीचं हे काम ज्यानं केलं त्याचा हात चांगला आहे, एवढं मी फोटोवरून खात्रीनं म्हणतो. आतल्या कामात मात्र त्यानं थांबायला हवं होतं. चार-दोन खड्डे राहू द्यायचे असतात. माझ्या उस्तादांच्या बाकावर नळी आली की ते आधी खिडकीकडे धरून आत बघायचे, मग भिंतीची जाडी मोजायचे आणि मगच बाहेरच्या रंगाबद्दल बोलायचे. गिऱ्हाइकाला नेमकं उलटं हवं असायचं. ते ऐकायचे नाहीत.

पुढची बंदूक घ्याल तेव्हा आणखी दोन गोष्टी कराच. एक म्हणजे नळ्या सुट्या करून खालच्या आकड्यावर, म्हणजे त्यांना बंदुकीत अडकवणाऱ्या लोखंडी हुकावर, बोटानं लटकवा आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं हलकं वाजवा. दोन नळ्यांच्या मधल्या पट्ट्या कथिलाच्या डाखानं बसवलेल्या असतात. डाख शाबूत असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो. कुठे सुटलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ अशाच बद्द वाजणाऱ्या नळ्या घेऊन आले. कुण्या कारखान्यानं त्या निळ्या करायला उकळत्या कॉस्टिकच्या हौदात बुडवल्या होत्या. आजच्या बंदुकांना ते चालतं. जुन्या दुनळीत ते पाणी पट्ट्यांखाली शिरतं आणि डाख खातं. वरून नळ्या काळ्याभोर, सुंदर. मी पट्ट्या उचलल्या तर खाली ओला, लाल चिखल. राळ लावून, पुन्हा कथिल चढवून त्या बसवायला मला नऊ दिवस लागले, आणि गंजानं खाल्लेलं ते काही परत आलं नाही. दमास्कस त्या हौदात घातली तर वर नक्षीही धुऊन निघते.

दुसरी गोष्ट काजळीची. फोरएंड काढून ठेवा, कारण त्याची कमान नळ्यांना दाबून धरते आणि ढिलेपणा लपवते. बंदूक बंद करून नळ्या डावी-उजवीकडे हलवून बघा. हलल्या तर बिजागरीची पिन झिजली आहे. बारकाईनं बघायचं तर नळ्यांच्या मागच्या तोंडाला दिव्याची काजळी धरा, बंदूक हलक्या हातानं मिटा आणि उघडा. समोरच्या पोलादी तोंडावर काजळी उमटली तिथे धातू धातूला टेकतो. चांगल्या बंदुकीत दोन पूर्ण कडी उमटतात. खाली नुसती चंद्रकोर उमटली तर वर फट आहे, तिथून प्रकाशही दिसेल. यावर खरा उपाय म्हणजे नवी, जराशी जाड पिन घडवून बसवणं. हातोडीनं आकडा चेपून घट्ट केलेल्या बंदुका मी खूप पाहिल्या आहेत, आणि त्या वर्षभरात पुन्हा खडखडायला लागतात.

काडतुसाबद्दलही लिहून ठेवतो, तुमच्याकडे अशी दुसरी बंदूक येईल तेव्हा उपयोगी पडेल. ठशात २½ इंच असेल तर ६५ मिलिमीटरचंच काडतूस. ७० चं काडतूस न उडवलेलं असताना तोंड मिटलेलं असतं, त्यामुळे ते अशा बंदुकीत अगदी सहज जातं, आणि इथेच माणसं फसतात. उडाल्यावर त्याचं तोंड पुढे उलगडतं, त्याला जागा नसते, आणि दाब वाढतो. पोलादी छर्रेही या नळ्यांत नकोत. इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९९ पासून बंद आहेत, तेव्हा अशा शिकारीला जुन्या बंदुकीत बिस्मथ धातूचे छर्रे वापरतात.

पैसे परत मिळाले नाहीत आणि बंदूक तुमच्याकडेच राहिली, तर सर्टिफिकेटवर ठेवा, तेल लावा, बघा. पट्टीवर एखाद्या गावच्या दुकानदाराचं नाव असेल, पण बंदूक त्यानं घडवलेली नाही. ती प्राइस स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, बाथ स्ट्रीटच्या परसांतून फिरली. एकानं नळी केली, दुसऱ्यानं घोडे आणि खटके, तिसऱ्यानं दस्ता बसवला, चौथ्यानं कोरीवकाम, आणि दोन घरांमधली ने-आण पोरांनी केली. नळ्यांच्या खालच्या बाजूला, आकड्याच्या पुढे, भिंग लावून बघा. दोन अक्षरं ठोकलेली सापडली तर ती बहुधा नळी करणाऱ्याची आहेत. त्याची सही म्हणून एवढीच असते. ती सापडली तर मला जरूर कळवा.

प्रश्न : आम्ही घेतलेल्या जुन्या घराच्या माळ्यावर गोधडीसारख्या कापडात गुंडाळलेल्या दोन दुनळी बंदुका निघाल्या. दोन्हींना बाहेर घोडे आहेत. एकीच्या नळ्यांना वरून बारीक खाच आहे. नवरा म्हणतो, शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत, त्यांना परवाना लागत नाही, दिवाणखान्यात लावू. माझा जीव धास्तावलाय. (लेस्टरहून एक वाचक)

उत्तर : ताई, तुमची धास्ती रास्त आहे. त्या आहेत तिथेच राहू द्या. गाडीत घालून पोलीस चौकीवर नेऊ नका. पोलिसांच्या १०१ नंबरला फोन करून काय सापडलं ते सांगा. ते सांगतील तसं करा. तोवर दोन्ही भरलेल्या आहेत असं समजून वागा. विशेषतः खाचेची जी आहे ती. तिला पिनफायर म्हणतात. तिच्या काडतुसाला बाजूला पितळी पिन असते, ती खाचेतून वर डोकावते आणि घोडा तिच्यावर पडतो. खाचेतून पिन वर आलेली दिसली तर आत काडतूस आहे, आणि त्या पिनेवर नुसता टोला बसला तरी ते उडू शकतं.

आता यजमानांच्या म्हणण्याचं. ते अर्धं खरं आहे. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५८(२) मध्ये शोभेसाठी ठेवलेल्या अँटिक बंदुकांना सूट आहे, आणि अँटिक कशाला म्हणायचं हे २०२१ च्या नियमांनी ठरवून दिलंय. बंदूक १ सप्टेंबर १९३९ च्या आधीची हवी. पण नुसतं वय पुरत नाही. ती कोणत्या काडतुसावर चालते तेही बघतात. पिनफायर त्या सुटीत बसते. तिच्यातून बार काढायचा नसेल तर ती भिंतीवर लावता येईल. दुसरी बंदूक जर नेहमीच्या बारा बोअरची, मागून मधोमध ठोका घेणाऱ्या काडतुसाची असेल, तर ती व्हिक्टोरिया राणीच्या काळची असली तरी तिला शॉटगन सर्टिफिकेट लागतंच, कारण ते काडतूस आजही दुकानात मिळतं. हा फरक बंदुकीतल्या जाणत्या माणसांनाही कधीकधी माहीत नसतो, तेव्हा यजमानांना दोष देऊ नका.

ती ठेवायची असेल तर पोलिसांना तसं आधीच सांगा. कलम ७ खाली ते थोड्या काळासाठी परमिट देऊ शकतात, किंवा तुमचं सर्टिफिकेट होईपर्यंत ती एखाद्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे ठेवता येते. तिसरा मार्ग ती कायमची निकामी करून घेण्याचा. तो अगदी शेवटी ठेवा. त्यात नळ्या आणि आतले भाग कापतात, आणि एकदा कापलं की कुणीही आलं तरी ते जोडू शकत नाही. आधी कुणाला तरी फ्लॅटवरचे ठसे वाचू द्या.

प्रश्न : माझ्या बर्मिंगहॅमच्या बॉक्सलॉक (खटक्याची यंत्रणा आत असलेल्या) बंदुकीचा दस्ता आधीच्या मालकानं वार्निश केलाय. आता त्याचे पापुद्रे सुटतायत, खाली दोन पोचेही आहेत. पॉलिशपेपर मारून नवं वार्निश करू का? (मँचेस्टरहून एक वाचक)

उत्तर : पॉलिशपेपर बाजूला ठेवा. अक्रोडाचं लाकूड मुद्दाम धातूपेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. घासलंत की ते धातूच्या खाली जातं आणि मुठीवरची जाळीची कोरणीही बोथट होते. वार्निश रिमूव्हर लावून, मऊ झालं की लाकडी पट्टीनं अलगद काढा. कोरणीतलं जुन्या टूथब्रशनं.

पोच्यावर ओल्या सुती कापडाची घडी ठेवा आणि इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. वाफ आत गेली की दबलेले रेषे फुगतात. तीन-चारदा करा, प्रत्येक वेळी सुकू द्या. रेषे तुटले नसतील तर पोचा वर येतो. मी हे कितीदा तरी केलंय आणि तरी दरवेळी बघायला थांबतो.

मग तेल. जवसाच्या तेलात अल्कानेटची मुळी, म्हणजे आपल्या रतनजोतीच्या जातीची, पंधरा दिवस बरणीत बुडवून ठेवा. तेल माणकासारखं लाल होतं. त्याचे दोन थेंब तळहातावर घ्या आणि लाकूड गरम लागेपर्यंत चोळा, मग कोरडं पुसून एक दिवस ठेवा. जास्त तेल लावलंत तर ते चिकट होऊन बसतं. असे पंचवीस-तीस हात तरी लागतील. आणि धातूला तेल लावल्यावर बंदूक कपाटात नळीचं तोंड खाली करून ठेवत जा, नाहीतर तेल उतरून दस्त्याच्या डोक्यात मुरतं आणि तिथलं लाकूड काळं, मऊ पडतं. तुमच्या फोटोत ॲक्शनच्या, म्हणजे नळ्या बसतात त्या पोलादी भागाच्या, मागे बोटभर काळा डाग दिसतो, तो त्याचाच आहे. तिथे खडूची पूड लेपून ऊन दाखवा. पूड पिवळी पडली की झटकून नवी लावा, ती पांढरी राहीपर्यंत.